लॅपटॉपच्या आतलं कुलूप



गटाची पेटी आपल्या सगळ्यांच्या ओळखीची आहे. चावी कुणाकडे राहणार हे महिन्याच्या बैठकीत सगळ्यांसमोर ठरतं. कित्येक गटांत तर एका पेटीला तीन कुलपं असतात आणि तीन चाव्या तिघींकडे. त्यात अविश्वास नसतो, उलट त्यामुळेच विश्वास टिकतो. आता त्या पेटीच्या शेजारी आणखी एक पेटी येऊन बसली आहे, ती म्हणजे लॅपटॉप. हिशेब त्यात, कर्जाचे प्रस्ताव त्यात, पापड-मसाल्याची लेबलं त्यात, उद्यम नोंदणीचे कागद त्यात. नवा घ्यायचा तर तीस-पस्तीस हजारांच्या पुढे जातो, म्हणून बरेच गट वापरलेला लॅपटॉप घेतात. त्यात वावगं काही नाही. मोठ्या कंपन्या चार-पाच वर्षांनी मशीन बदलतात आणि जुन्या मशीन लॉटमध्ये विकतात. पुण्याच्या तपकीर गल्लीत, मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर आणि आता तालुक्याच्या गावातही अशी मशीन मिळतात, आणि ती चांगली चालतात.

पण अशा मशीनमध्ये कधी कधी एक कुलूप लपलेलं असतं. विकणाऱ्याने ते सांगितलेलं नसतं, घेणारीला ते दिसलेलं नसतं, आणि ज्याने घातलं तो विसरून गेलेला असतो. आज आपण त्या कुलपाबद्दल बोलू. ते ओळखायचं कसं, उघडायचं कसं, आणि कुणाच्या नादी लागायचं नाही.

आधी ते कुलूप असतं कुठे, ते समजून घेऊ. आपल्या घरात पहाटे सगळ्यांच्या आधी कोण उठतं? आपणच. दिवा लावायचा, चूल पेटवायची, पाणी तापत ठेवायचं, मग बाकीच्यांना हाका मारायच्या. लॅपटॉपमध्येही असा एक छोटा प्रोग्रॅम असतो. बटण दाबलं की सर्वांत आधी तो जागा होतो. कीबोर्ड आहे का, मेमरी आहे का, डिस्क आहे का, हे बघतो आणि मग विंडोजला हाक मारतो. त्याला फर्मवेअर म्हणतात. दुरुस्तीवाले त्याला बायोस म्हणतात. तो डिस्कवर नसतो, आतल्या मुख्य बोर्डवरच्या चिपमध्ये असतो. हे एवढं लक्षात ठेवा, कारण पुढचं सगळं यावरच उभं आहे.

आता कुलपं मोजू. लॅपटॉपला एकच पासवर्ड असतो असं आपल्याला वाटतं. प्रत्यक्षात चार-पाच प्रकारचे असू शकतात.

पहिला रोजचा, विंडोजचा. विंडोजचं चित्र येऊन गेल्यावर नाव आणि फोटो दिसतो, तिथे विचारतात तो. हा विसरला तर घाबरायचं कारण नाही. मायक्रोसॉफ्टच्या खात्याला जोडलेला असेल तर आपल्या मोबाईल नंबरवरून किंवा ईमेलवरून तो बदलता येतो.

दुसरा, मशीन सुरू करण्याचा. बटण दाबल्या दाबल्या, विंडोजचं चित्र यायच्या आधीच काळ्या पडद्यावर चौकोन येतो. तो भरल्याशिवाय मशीन पुढे सरकतच नाही.

तिसरा, सेटिंगचा. याला सुपरवायझर किंवा ॲडमिनिस्ट्रेटर पासवर्ड म्हणतात. हा रोज विचारत नाही. मशीन नेहमीसारखं सुरू होतं, विंडोज येतं, काम चालतं. फक्त कुणी त्या फर्मवेअरच्या सेटिंगमध्ये जायला लागलं की मग तो आडवा येतो. म्हणून महिनोन् महिने त्याचा पत्ताच लागत नाही.

चौथा, डिस्कचा. हा डिस्कच्याच आत असतो. ती डिस्क काढून दुसऱ्या लॅपटॉपला लावली तरी तो पासवर्ड मागतेच.

आणि पाचवं, बिटलॉकर. निळ्या पडद्यावर ४८ आकड्यांची किल्ली मागतात. हा फर्मवेअरचा पासवर्ड नाही, डिस्कवरची माहिती कुलूपबंद करणारी विंडोजची सोय आहे. तिची किल्ली बहुतेक वेळा आपल्या मायक्रोसॉफ्टच्या खात्यात साठवलेली असते.

तेव्हा मैत्रिणींनो, लॅपटॉप पासवर्ड मागतोय एवढ्यावर थांबू नका. कधी मागतोय, विंडोजच्या आधी की नंतर, आणि पडद्यावर नेमकं काय लिहिलंय, ते बघा. पडद्याचा मोबाईलवर फोटो काढा. दुखणं कुठलं ते कळल्याशिवाय औषध देता येत नाही.

आता आमच्या प्रभागात घडलेली गोष्ट सांगतो. गावाचं आणि दुकानाचं नाव सांगत नाही, त्याची गरजही नाही.

एका ग्रामसंघाने गेल्या उन्हाळ्यात तालुक्याच्या दुकानातून साडेसतरा हजारांना वापरलेला लॅपटॉप घेतला. एका कंपनीच्या लॉटमधला. सहा महिने तो छान चालला. गावातली बावीस वर्षांची लिपिका त्यावर सगळ्या गटांचा हिशेब भरायची. मशीन तिच्याच घरी असायचं, कारण तिच्याकडे वीज आणि नेट दोन्ही धड.

दिवाळीनंतर संगणक क्लासच्या सरांनी सांगितलं की मायक्रोसॉफ्टने विंडोज १० चा नेहमीचा पाठिंबा १४ ऑक्टोबर २०२५ ला बंद केला आहे, तेव्हा विंडोज ११ टाकून घ्या. विंडोज ११ ला टीपीएम नावाची एक सुरक्षेची सोय लागते. या मशीनमध्ये ती होती, पण बंद करून ठेवलेली. चालू करायला फर्मवेअरच्या सेटिंगमध्ये जावं लागणार होतं. सर तिथे गेले आणि पासवर्डचा चौकोन समोर आला. गटाचा पासवर्ड टाकून पाहिला, चालला नाही. लिपिकेला विचारलं, तर ती म्हणाली, हे मी कधी पाहिलंच नाही.

पुढे काय झालं असेल ते तुम्हाला ठाऊक आहे. बैठकीत कुजबुज सुरू झाली. मशीन हिच्या घरी, हात हिचा, मग कुलूप दुसरं कोण घालणार? एकजण तर म्हणाली, हिशेब कुणी बघू नये म्हणून घातलं असेल. त्या पोरीने गटांच्या वह्या पुढ्यात ठेवल्या आणि सांगितलं, उद्यापासून मी येणार नाही. साडेसतरा हजारांचं मशीन एका बाजूला आणि सहा महिने इमानाने काम केलेली पोरगी दुसऱ्या बाजूला. खरी अडचण आता लॅपटॉपची राहिलीच नव्हती.

आम्हाला बोलावलं तेव्हा आम्ही सगळ्यांसमोर मशीन सुरू केलं. विंडोज आलं, गटाच्या पासवर्डने उघडलं, हिशेबाची फाईलही उघडली. मग आम्ही बायांना एवढंच विचारलं, की हिला हिशेब लपवायचा असता तर हिशेबाचं दार उघडं ठेवून मागच्या कोठीला कुणी कुलूप घालेल का? हा सेटिंगचा पासवर्ड आहे. तो हिशेब बंद करत नाही. रोज विचारतही नाही. म्हणजे तो मशीन घेतलं त्या दिवसापासून आत असू शकतो. पण असू शकतो म्हणजे आहेच असं नाही. ते सिद्ध करायला कागद लागणार होता.

आम्ही चार गोष्टी ठरवल्या, आणि या चारही तुमच्या कामाच्या आहेत.

पहिली गोष्ट, मशीन अजून उघडतंय तोवर सगळा हिशेब पेनड्राइव्हवर उतरवला, आणि दुसरी प्रत ग्रामसंघाच्या ईमेलवर पाठवली. दुरुस्तीच्या आधी प्रत, हा नियम समजा.

दुसरी, अंदाजाने पासवर्ड टाकणं थांबवलं. बऱ्याच मशीनमध्ये तीनदा चुकलं की मशीन अडून बसतं आणि बंद करून पुन्हा सुरू करावं लागतं. टाकायचाच असेल तर आधी कॅप्स लॉक आणि नम लॉक बघायचं. पासवर्ड माहीत असूनही केवळ या दोन बटणांपायी तो चुकीचा ठरतो.

तिसरी, बिल काढलं. बिल ग्रामसंघाच्या नावावर होतं आणि त्यावर मशीनचा सीरियल नंबर लिहिलेला होता. मशीन उलटं करून खालचा नंबर ताडून पाहिला. जुळला.

चौथी, अध्यक्षताई, सचिव आणि लिपिका, तिघी मिळून दुकानात गेल्या. लिपिकेला मुद्दाम बरोबर नेलं.

दुकानदार म्हणाला, ताई, अडीच हजार द्या, आमचा पोरगा चिप काढून साफ करून देईल. अध्यक्षताई म्हणाल्या, दादा, विकताना कुलूप आहे असं तुम्ही सांगितलं नव्हतं, मग ते काढायचे पैसे आम्ही का द्यायचे? हे मशीन ज्यांचं होतं त्यांना विचारा. त्याच्याकडे लॉट घेतल्याचा कागद होता. त्या यादीत हाच सीरियल नंबर होता. तो कागद आणि आपलं बिल त्याने त्या कंपनीच्या संगणक विभागाकडे पाठवलं. अकराव्या दिवशी उत्तर आलं. त्यांच्या सगळ्याच मशीनवर तो एकच पासवर्ड घातलेला होता, आणि विकताना काढायचा राहून गेला होता. दुकानात बसून तिघींच्या समोर तो टाकला, मग सेटिंगमध्ये जाऊन नव्या पासवर्डची जागा रिकामी ठेवली, सेव्ह केलं. कुलूप निघालं. एक रुपयाही लागला नाही.

पुढच्या बैठकीत अध्यक्षताईंनी इतिवृत्तात लिहून घेतलं, की पासवर्ड आधीच्या मालकाचा होता आणि लिपिकेचा त्यात काही संबंध नव्हता. तोंडी सांगून भागलं असतं, पण त्यांनी लिहून घेतलं आणि सगळ्यांच्या सह्या घेतल्या. ती पोरगी आजही हिशेब भरते.

आता तुम्ही म्हणाल, अकरा दिवस थांबण्यापेक्षा बॅटरी काढली असती तर? हा सल्ला सगळीकडे मिळतो, म्हणून त्याचं नीट ऐका. टेबलावरच्या मोठ्या कॉम्प्युटरमध्ये बोर्डवर नाण्याएवढी एक गोल बॅटरी असते. अशा बऱ्याच कॉम्प्युटरमध्ये ती काही वेळ काढून ठेवली की सेटिंग पुसली जाते आणि पासवर्डही जातो. ही गोष्ट खरी आहे. पण अलीकडच्या बहुतेक लॅपटॉपमध्ये पासवर्ड वीज गेली तरी न पुसणाऱ्या चिपमध्ये ठेवतात. तिथे बॅटरी काढून घड्याळ तेवढं मागे पडतं, कुलूप तसंच राहतं. उलट काही मशीनमध्ये घड्याळ चुकलं की ते दुरुस्त करायला मशीन आपल्याला सेटिंगमध्येच पाठवतं, आणि तिथे पासवर्ड मागतं. म्हणजे जे मशीन रोज उघडत होतं तेही अडून बसतं.

दुसरा सल्ला, फॉरमॅट मारा. तिसरा, डिस्क बदला. दोन्ही कामाचे नाहीत, कारण सेटिंगचा पासवर्ड डिस्कवर नसतोच. कोठाराचं कुलूप निघत नाही म्हणून धान्य बदलण्यातली ही गत. कुलूप जागेवर, आणि हिशेब मात्र गेला.

चौथा सल्ला, इंटरनेटवर कोड विकत मिळतो. काही जुन्या मॉडेलवर असे कोड चालायचे. पण त्यासाठी अनोळखी माणसाला पैसे पाठवायचे, मशीनचा नंबर द्यायचा, वर कुठला तरी प्रोग्रॅम डाऊनलोड करायचा, आणि त्याच मशीनवर आपली बँकेची कामं करायची, हे गटाच्या पैशाने करू नका. असं कुणी ऑनलाइन फसवलंच, तर १९३० या नंबरवर ताबडतोब फोन करा. जितका लवकर कराल तितकी पैसे अडवण्याची शक्यता जास्त.

पाचवा सल्ला, चिप काढून पुन्हा भरणं. हे काम करणारे कारागीर आहेत आणि काहींना ते जमतंही. पण त्या चिपमध्ये पासवर्डशिवाय मशीनचा सीरियल नंबर असतो, आणि कंपनीकडून विंडोज घालून आलेलं असेल तर बऱ्याचदा त्या विंडोजची किल्लीही तिथेच असते. काम बिघडलं तर बोर्ड मरतो. नंबर पुसला गेला तर उद्या बिलावरचा नंबर आणि मशीनमधला नंबर जुळत नाही, आणि मग मशीन आपलंच असून आपलं आहे हे दाखवता येत नाही.

मग खरा रस्ता कोणता? कागदाचा. लॅपटॉप बनवणाऱ्या कंपन्या इथे कडक असतात, आणि ते आपल्याच भल्याचं आहे. डेल कंपनी मशीनवरचा सर्व्हिस टॅग आणि मालकी ताडून पाहते. म्हणून वापरलेलं डेल घेतलं तर मालकी आपल्या नावावर करून घेण्याची त्यांच्याकडे सोय आहे, ती आधीच वापरा. लेनोव्होच्या थिंकपॅड मशीनबद्दल कंपनीनेच माहितीपुस्तिकेत लिहिलंय की सुपरवायझर पासवर्ड विसरला तर सर्व्हिस सेंटरलाही तो काढता येत नाही. खरेदीचा पुरावा दाखवायचा आणि पैसे भरून पूर्ण बोर्ड बदलायचा. डिस्कचा पासवर्ड विसरला तर डिस्कच बदलायची, आतला मजकूर परत मिळत नाही. ॲपलच्या इंटेल चिपवाल्या जुन्या मॅकवरही फर्मवेअर पासवर्ड असतो. तो विसरला तर मूळ बिल घेऊन ॲपलच्या दुकानात किंवा अधिकृत सर्व्हिस सेंटरला मशीन स्वतः न्यावं लागतं. २०२० च्या शेवटी आलेल्या एम-वन आणि त्यापुढच्या चिपच्या मॅकवर हा प्रकारच नाही, तिथे वेगळी व्यवस्था आहे.

बघा, कंपनी कुठलीही असो, प्रश्न एकच विचारतात. हे मशीन तुमचं कशावरून?

आणि या प्रश्नाचं उत्तर नसेल तर काय होतं, तेही सांगतो. शेजारच्या गावातल्या एका ताईंच्या मुलाने मोबाईलवर जाहिरात पाहून एका माणसाकडून ॲपलचा लॅपटॉप घेतला. आठ हजार रुपये, रोख, एस.टी. स्टँडवर. बिल नाही, चार्जर नाही. घरी आणून आधीच्या माणसाचं सगळं पुसायला गेला, तर पडद्यावर कुलपाचं चित्र. अधिकृत सेंटरने मूळ बिल मागितलं. विकणाऱ्याचा फोन बंद. मुलगा म्हणाला, मी पण तसाच कुणाला तरी विकून टाकतो. त्याच्या आईने आम्हाला विचारलं, तेव्हा आम्ही स्पष्ट सांगितलं की हे करू नका. चोरीचा माल आहे हे माहीत असताना, किंवा तसं मानायला कारण असताना, तो अप्रामाणिकपणे घेणं किंवा ठेवून घेणं हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१७ प्रमाणे गुन्हा आहे, आणि त्याला तीन वर्षांपर्यंत शिक्षा आहे. आता संशय आलेला आहे, म्हणजे पुढचं पाऊल जपून टाकायला हवं. मायलेक पोलीस ठाण्यात गेले, कसा घेतला ते लिहून दिलं, जाहिरातीचे फोटो दिले आणि मशीन जमा केलं. आठ हजार गेले. पण घरावर बालंट आलं नाही.

इथे एक उलटा विचारही करा. उद्या आपल्या ग्रामसंघाचा लॅपटॉप बाजाराच्या दिवशी एस.टी.तून चोरीला गेला, तर चोराला बॅटरी काढून तो उघडता यावा असं आपल्याला वाटेल का? नाही ना! मोबाईल हरवला तर सरकारच्या संचार साथी व्यवस्थेतून आय.एम.ई.आय. नंबरावरून तो बंद करता येतो. साध्या लॅपटॉपला तो नंबरच नसतो. म्हणून त्याचं आतलं कुलूप पक्कं असणं आपल्यासाठीच बरं. फक्त चावी आपल्याकडे हवी.

आता ज्यांना वापरलेला लॅपटॉप घ्यायचाय त्यांनी वही-पेन घ्या. दुकानात पैसे मोजण्याआधी एवढं करून घ्यायचं.

एक, मशीन पूर्ण बंद करून आपल्यासमोर सुरू करायला सांगा. विंडोजच्या आधी काही विचारलं का बघा.

दोन, पुन्हा बंद करा, आणि सुरू होताना फर्मवेअरच्या सेटिंगमध्ये जायला सांगा. डेल, एसर, असूस या मशीनवर बहुतेक एफ-टू बटण, एचपीवर एफ-टेन, थिंकपॅडवर एफ-वन. तिथे पासवर्ड न विचारता आत गेलं पाहिजे. या एका तपासणीला दोन मिनिटं लागतात, आणि आमच्या ग्रामसंघाचे अकरा दिवस या दोन मिनिटांतले होते.

तीन, आत गेल्यावर सिक्युरिटीच्या पानावर सुपरवायझर, युजर आणि हार्डडिस्क या तिन्ही पासवर्डपुढे काय लिहिलंय ते वाचून घ्या. तिन्ही ठिकाणी पासवर्ड नाही असंच दिसायला हवं.

चार, त्याच सेटिंगमध्ये मशीनचा सीरियल नंबर दिसतो. तो, मशीनखालचा नंबर आणि बिलावरचा नंबर, तिन्ही जुळले पाहिजेत.

पाच, विंडोज कोरं टाकून, नेट जोडून, आपल्यासमोर पहिल्यापासून सुरू करून दाखवायला सांगा. काही कंपन्यांची मशीन नेट जोडलं की आधीच्या कंपनीचं नाव दाखवतात आणि तिथल्या कर्मचाऱ्याचा ईमेल मागतात. असं झालं तर ते मशीन अजून त्या कंपनीच्या नोंदीतून सुटलेलं नाही. घेऊ नका.

सहा, बिल गटाच्या किंवा ग्रामसंघाच्या नावावर घ्या, कुणा एकीच्या नावावर नको. त्यावर सीरियल नंबर, तारीख, दुकानाचा शिक्का, आणि एक वाक्य लिहून घ्या, की मशीनवर कोणताही पासवर्ड नाही आणि निघाल्यास दुकान काढून देईल. कच्च्या चिठ्ठीवर लॅपटॉप घेऊ नका. बिल असूनही दुकानदार दाद देत नसेल तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा नंबर आहे १९१५. तिथे तक्रार नोंदवता येते.

मशीन घरी आलं, सगळं ठीक निघालं. आता आपलं कुलूप घालायचं का? ते बैठकीत ठरवा, एकीने मनाने घालू नका. आमचं म्हणणं असं, की मशीन गावोगाव फिरणार असेल तर घाला, एका जागी राहणार असेल तर विंडोजचा चांगला पासवर्डही पुष्कळ झाला. घालायचं असेल तर त्यात साधी इंग्रजी अक्षरं आणि आकडे वापरा. वेगवेगळी चिन्हं टाकली की फर्मवेअरमध्ये ती कीबोर्डवर दुसऱ्याच जागी निघू शकतात. आणि एक सावधगिरी घ्या. फर्मवेअरची सेटिंग बदलली की काही वेळा बिटलॉकर जागं होतं आणि ४८ आकडी किल्ली मागतं. म्हणून सेटिंगला हात लावण्याआधी ती किल्ली मायक्रोसॉफ्टच्या खात्यातून कागदावर उतरवून घ्या.

मग हा पासवर्ड ठेवायचा कुठे? कुणाच्या डोक्यात ठेवायचा नाही, मोबाईलमध्येही नाही. कागदावर ठळक लिहा, पाकिटात घाला, पाकीट चिकटवा, चिकटवलेल्या जागेवर तिघींच्या सह्या, आणि पाकीट गटाच्या पेटीत. इतिवृत्तात फक्त एवढं लिहा, की पासवर्ड अमुक तारखेला घातला, पाकीट पेटीत आहे. पासवर्ड इतिवृत्तात लिहायचा नाही. पासवर्ड बदलला की पाकीट बदला. पदाधिकारी बदलले की वह्या, शिक्का, पासबुक यांच्याबरोबर हे पाकीटही मोजून हाती द्या. लिपिका लग्न होऊन सासरी गेली, दुसरीकडे नोकरीला लागली, तर ती जाण्याआधी पासवर्ड बदलून घ्या. तिच्यावर संशय म्हणून नव्हे, तर उद्या कुणी तिच्यावर संशय घेऊ नये म्हणून.

आणि ज्या दिवशी आपला जुना लॅपटॉप आपण विकू, त्या दिवशी आपली माहिती पुसून, आपलं कुलूप आपल्या हाताने काढून, सीरियल नंबर लिहिलेली पावती समोरच्याला देऊन मगच मशीन द्या. कारण तो घेणारी कदाचित दुसऱ्या तालुक्यातली एखादी लिपिकाच असेल.

तुमच्या गटाकडे लॅपटॉप असेल तर या महिन्याच्या बैठकीत एवढं करा. मशीन मध्ये ठेवा, बिल शोधा, नंबर जुळवा, सेटिंगचं दार उघडतं का ते सगळ्यांसमोर बघा. उघडलं तर पाकीट करून ठेवा. नाही उघडलं तर हिशेबाची प्रत काढा, बिल घ्या, दुकान गाठा, आणि एकटीने जाऊ नका, तिघी मिळून जा.

पुढच्या वेळी भेटू तेव्हा कर्जाच्या प्रस्तावाला कोणते कागद लागतात ते बोलू. तोवर नमस्कार मैत्रिणींनो.